हौशी बिनतारी चालकांची भाषा : उसनवारी आणि अर्थांतर

हौशी बिनतारी चालकांचे संभाषण बहुधा एका आकड्याने संपते. हा आकडा ७३ होय. पुण्यातील चालक ब्राझीलमधील चालकाशी बोलत असो, अथवा जपानी चालक नॉर्वेतील चालकाशी बोलत असो, निरोप घेताना दोघेही हाच आकडा पाठवितात आणि त्याचा अर्थ पत्राच्या शेवटी लिहिल्या जाणाऱ्या ‘सप्रेम नमस्कार’ या शब्दांच्या जवळपास जातो. भारतीय तारखात्याच्या ग्राहकांना असे आकडे अपरिचित नव्हते. दिवाळीच्या अथवा विवाहाच्या शुभेच्छांची छापील वाक्ये क्रमांकवार लावलेली असत, आणि तार करणारा केवळ क्रमांक लिहून देई. तथापि तेथे क्रमांकाचे पुन्हा वाक्य करून मगच तार घरी पोचविली जाई. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद होईपर्यंत या तारांचा परिचय लोकांना होता. ७३ चे मात्र कोणी वाक्य करीत नाही. तो आकडाच शब्द झाला आहे.

हा शब्द हौशी चालकांनी घडविलेला नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. या लोकांनी बिनतारी विद्येच्या इतिहासात स्वतःची अशी मोठी भर घातली. निरुपयोगी म्हणून त्यांच्याकडे टाकलेल्या आखूड लहरींवरून त्यांनी महासागर ओलांडले. परंतु त्यांच्या बोलीचे मूळ भांडवल तपासले असता ते जवळजवळ सारे उसने असल्याचे आढळते. काही शब्द रेल्वेच्या तारमास्तरांचे, काही जहाजावरील पगारी चालकांचे. विशेष हे की, ज्यांच्याकडून ही उसनवारी झाली ते धंदेवाईक लोक या हौशी मंडळींना तुच्छ लेखीत. उसन्या शब्दांचे या समाजात काय झाले, आणि ते तसेच का झाले, हा येथील विचाराचा विषय आहे.

वॉशिंग्टन आणि बॉल्टिमोर यांमधील तार १८४४ साली सुरू झाली. आरंभी संदेश कागदाच्या पट्टीवर उमटत असे व तो पाहून वाचावा लागे. पण यंत्राचा खटखटाट ऐकूनच संदेश उतरविता येतो हे तारमास्तरांच्या लौकरच ध्यानात आले. लेखनासाठी योजलेली लिपी अशा रीतीने कानाची झाली, आणि येथूनच तिला बोलीचे गुणधर्म येऊ लागले. एकाच तारेवर अनेक ठाणी जोडलेली असत. काम नसेल तेव्हा दूरदूरच्या ठाण्यांतील माणसे आपसांत गप्पा मारीत. प्रत्येकाच्या हाताची ढब निराळी असे आणि ओळखीच्या माणसाचा आवाज ओळखावा तशी ती ओळखू येई. या ढबीला इंग्रजीत ‘मूठ’ या अर्थाचा शब्द रूढ झाला. वेळ वाचविण्यासाठी ठरावीक वाक्यांना आकडे दिले गेले. वेस्टर्न युनियन कंपनीने १८५९ च्या सुमारास रूढ केलेली आकड्यांची यादी ‘९२ ची संहिता’ म्हणून ओळखली जाते. तीत ३० म्हणजे ‘संपले’, आणि ७३ म्हणजे ‘माझे अभिवादन स्वीकारावे’. त्याच दशकात यापूर्वी हाच आकडा प्रेमाच्या निरोपासाठीही योजलेला आढळतो. म्हणजे प्रेमाकडून शिष्टाचाराकडे त्याचा प्रवास दोन-तीन वर्षांतच झाला. प्रेमाची रिकामी झालेली जागा कालांतराने ८८ या आकड्याने भरून काढली.

यादीतील इतर बहुतेक आकडे विस्मरणात गेले. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत ३० काही काळ टिकला. पण ७३ टिकला तो सर्वांत अधिक. याचे एक कारण नादात असावे. मोर्स लिपीत ७ म्हणजे दोन दीर्घ व तीन लघु, आणि ३ म्हणजे तीन लघु व दोन दीर्घ. दोन्ही मिळून जी आकृती होते ती उलटी वाचली तरी तीच राहते. गतप्रत्यागत चित्रबंधाची ज्यांना ओळख आहे त्यांना या आकृतीचे आकर्षण समजावून सांगावयास नको. हाताला सोपी, कानाला पुरी वाटणारी, आणि शेवट झाल्याची खूण पटविणारी अशी ही लय आहे.

लघु-दीर्घाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. १८४८ साली हँबुर्ग येथे गेर्के याने मूळ लिपीत सुधारणा केली. तीवर आधारलेली लिपी पुढे आंतरराष्ट्रीय म्हणून मान्य झाली. या लिपीत तीन खुणांची अक्षरे नेमकी आठ आहेत, आणि आपल्या छंदःशास्त्रातील गणही आठच. ‘के’ हे अक्षर गुरु-लघु-गुरु, म्हणजे रगण; हौशी चालक ‘आता तुम्ही बोला’ हे सांगण्यासाठी तो वाजवितो. ‘आर’ म्हणजे ‘पोचले’. तो लघु-गुरु-लघु, म्हणजे जगण. ‘एस’ हा नगण आणि ‘ओ’ हा मगण. तेव्हा संकटात सापडलेल्या जहाजाची एसओएस ही हाक नगण-मगण-नगण अशी पडते. हे साम्य ऐतिहासिक नाही. दोन मूल्ये आणि तीन जागा म्हटल्या की आठच रचना संभवतात, हे पिंगलाच्या परंपरेला ठाऊक होते आणि गेर्केची लिपीही त्याच गणिताच्या कक्षेत पडते. शिवाय गुरूच्या दोन मात्रा, तर मोर्समधील दीर्घ खूण लघूच्या तिप्पट लांब. तरीही ही लिपी डोळ्यांनी खुणा मोजून शिकू नये, कानाने लय धरून शिकावी, असे नवशिक्यास सांगतात तेव्हा वृत्त लगक्रमाने न घोकता चालीवर म्हणावयास शिकविणाऱ्या मास्तरांची आठवण होते.

तारमास्तरांनी हौशी लोकांना शब्द दिले तसे नावही दिले. अडाणी हाताच्या, चुका करणाऱ्या तारमास्तराला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ‘हॅम’ म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी घरोघरी ठिणगीची यंत्रे बांधून हवेत कोलाहल माजविणाऱ्या पोरांना धंदेवाईक चालकांनी हीच शिवी लावली, आणि त्यांनी ती बिरुदासारखी मिरविली. पुढे या शब्दाला प्रतिष्ठित कुळी शोधण्याचे प्रयत्न झाले. हार्वर्डच्या तीन विद्यार्थ्यांच्या, हायमन, आल्मी आणि मरे यांच्या, आद्याक्षरांची एक कथा सांगतात. हर्ट्‌झ, आर्मस्ट्राँग आणि मार्कोनी या त्रयीची दुसरी. शब्द बिनतारी विद्येच्याही आधी तारमास्तरांच्या तोंडी असल्यामुळे या दोन्ही व्युत्पत्ती टिकत नाहीत. सर्वांना उद्देशून दिल्या जाणाऱ्या ‘सीक्यू’ या हाकेचेही असेच झाले. ती ब्रिटिश तारव्यवहारातून जहाजांवर आली. पण तिच्या इंग्रजी उच्चारात ‘तुम्हांस शोधतो’ असे वाक्य ऐकू येते, म्हणून तेच तिचे मूळ असे मानणारे आजही पुष्कळ आढळतात. लोकव्युत्पत्तीला सत्याची चाड नसते. तिला आपल्या समाजाचा जन्म सन्मान्य करावयाचा असतो, आणि त्या दृष्टीने या खोट्या कथाही अभ्यासकाला उपयोगी पडतात.

उसनवारीचा दुसरा आणि मोठा भाग समुद्रावरून आला. वेगवेगळ्या राष्ट्रांची जहाजे आणि किनाऱ्यावरील ठाणी यांना परस्परांची भाषा येत नसे. ब्रिटिश शासनाने १९०९ च्या सुमारास आपल्या जहाजांसाठी तीन-तीन अक्षरांच्या संकेतांची एक यादी सिद्ध केली. प्रत्येक संकेताचे पहिले अक्षर ‘क्यू’. लंडन येथे १९१२ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय बिनतारी परिषदेने अशी यादी सर्व राष्ट्रांसाठी मान्य केली. तिची व्याकरणरचना मोठी कुशल आहे. संकेतापुढे प्रश्नचिन्ह दिले की तो प्रश्न होतो, न दिले की विधान अथवा आज्ञा. ‘क्यूआरएम’ म्हणजे इतर ठाण्यांचा अडथळा होत आहे. ‘क्यूआरएन’ म्हणजे आकाशातील विजेचा त्रास होत आहे. ‘क्यूआरटी’ म्हणजे प्रक्षेपण थांबवा. ‘क्यूआरपी’ म्हणजे शक्ती कमी करा. ‘क्यूएसएल’ म्हणजे संदेश पोचल्याची पावती देतो. यादीत पुढे भर पडत गेली तेव्हा ‘क्यूटीएच’ आला. त्याने अक्षांश-रेखांश विचारावयाचे व सांगावयाचे. यांतील प्रत्येक संकेत हा शब्द नाही, पूर्ण वाक्य आहे. त्याला लिंग नाही, वचन नाही, काळ नाही. गलबत बुडत असता व्याकरणाची उठाठेव कोण करणार?

हौशी चालकांच्या हाती ही वाक्ये आली आणि त्यांची नामे झाली. क्यूआरएम म्हणजे प्रत्यक्ष अडथळाच. तो ‘पुष्कळ’ असतो किंवा ‘वाईट’ असतो. क्यूएसओ म्हणजे ‘अमुक ठाण्याशी संपर्क साधू शकतो’ हे विधान न राहता संभाषणाची एक घटना झाली, आणि अशा घटना मोजता येऊ लागल्या. ‘शक्ती कमी करा’ ही आज्ञा विशेषण होऊन बसली: अगदी थोड्या वॉटवर काम करणाऱ्यांचा स्वतंत्र पंथ निघाला, तो स्वतःस क्यूआरपीवाले म्हणवितो. क्यूटीएचमधून अक्षांश-रेखांश गळाले आणि राहते गाव उरले. क्यूआरटी म्हणजे आजचे काम आटोपून यंत्र बंद करणे. सर्वांत रम्य इतिहास क्यूएसएलचा आहे. जहाजावर ती तोंडची पावती होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत ती टपालाने जाणारे कार्ड झाली. कार्डावर ठाण्याचे नाव, दिवस, वेळ, लहरीची लांबी आणि आवाजाची प्रत लिहिलेली असे. अशी कार्डे गोळा करून वाटणाऱ्या कचेऱ्या देशोदेशी निघाल्या. हवेतील संभाषणाला साक्षीदार नसतो. कागद पाहिजे, ही भावना या मंडळींत आरंभापासून बळकट दिसते.

मराठी संभाषणात हे शब्द येतात तेव्हा त्यांना मराठीचे प्रत्यय लागतात आणि ते निमूटपणे लावून घेतात. ‘क्यूआरएममुळे’, ‘क्यूटीएचवरून’, ‘क्यूएसएलची वाट’ ही रूपे मराठी कानाला खटकत नाहीत. जे मुळात वाक्य होते त्याला विभक्ती लागते, याहून नामीकरणाचा अधिक चांगला पुरावा सापडणे कठीण.

हे अर्थांतर का घडले याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात शोधले पाहिजे. टायटॅनिकच्या बुडण्यानंतर अमेरिकेत १९१२ च्या ऑगस्टमध्ये बिनतारी कायदा झाला. त्याने हौशी लोकांना परवाना सक्तीचा केला, संकेतनाम दिले, आणि २०० मीटर व त्याखालील लहरींवर त्यांची रवानगी केली. या आखूड लहरींचा व्यापाराला काही उपयोग नाही अशी त्या वेळची समजूत होती. लांबचे बोलणे होणार नाही आणि छंद आपोआप मरेल, असा अनेकांचा कयास होता. १९१४ च्या एप्रिलमध्ये हार्टफर्ड येथील हायरम पर्सी मॅक्सिम या अभियंत्याला सुमारे तीस मैलांवरील स्प्रिंगफील्डचे ठाणे मिळेना. मध्ये विंडसर लॉक्स येथे एक चालक होता. त्याच्या हस्ते संदेश पोचविण्यात आला. या अनुभवातून मॅक्सिम व क्लॅरेन्स टुस्का यांनी त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली. एकाचे बोलणे दुसऱ्याने पुढे न्यावयाचे, हा तिचा पाया. १९१५ च्या डिसेंबरात निघालेल्या तिच्या मासिकाचे नाव ‘क्यूएसटी’, म्हणजे ‘सर्व ठाण्यांना सर्वसाधारण हाक’. समुद्रावरचा संकेत मासिकाच्या मुखपृष्ठावर आला तो असा. मॅक्सिम त्यात ‘म्हातारा’ या टोपणनावाने हवेतील गोंधळावर खवचट लेख लिही. ‘ओल्ड मॅन’ची आद्याक्षरे, ‘ओएम’, ही चालकांतील सलगीची हाक होती. वीस वर्षांच्या पोरालाही ती लावीत. स्त्री-चालक कोणत्याही वयाची असो, ती ‘तरुण बाई’च्या आद्याक्षरांनी ‘वायएल’, आणि चालकाची पत्नी ‘एक्सवायएल’, म्हणजे पूर्वाश्रमीची तरुण बाई. या विनोदात त्या काळच्या पुरुषी मंडळाची वृत्ती स्वच्छ दिसते. स्त्री-चालकांनी १९३९ साली आपली संस्था उभारली आणि ७३ व ८८ हे दोन्ही बाजूस सारून परस्परांसाठी ३३ हा आकडा घेतला. समाजाने स्वतः घडविलेल्या थोड्या शब्दांपैकी हा एक होय.

१९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि सर्व हौशी ठाणी बंद करविण्यात आली. प्रक्षेपणाची मोकळीक परत मिळावयास १९१९ चा ऑक्टोबर उजाडला. त्यानंतरची पाच वर्षे या इतिहासातील सर्वांत वेगवान वर्षे होत. डिसेंबर १९२१ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रॉसन येथे तंबू ठोकून बसलेल्या पॉल गॉडलीने अमेरिकेतील हौशी ठाण्यांचे संदेश टिपले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस येथील लेआँ दलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांचे सुमारे १०० मीटरवर दुहेरी संभाषण झाले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूझीलंडमधील फ्रँक बेल आणि लंडनच्या मिल हिल शाळेतील विद्यार्थी सेसिल गॉयडर यांनी पृथ्वीच्या दोन टोकांवरून एकमेकांस उत्तरे दिली. टाकाऊ लहरी अशा मौल्यवान निघाल्या, आणि अर्थातच त्यांवर इतरांचा डोळा गेला.

महासागर ओलांडताच भाषेचे दोन प्रश्न उभे राहिले. पहिला नावांचा. प्रत्येक देशाने आपापली अंक-अक्षरी नावे दिलेली असल्यामुळे एकच नाव दोन देशांत निघे. चालकांनी दोन नावांमध्ये देशदर्शक अक्षर घालण्याची युक्ती काढली: फ्रान्सला ‘एफ’, न्यूझीलंडला ‘झेड’, असे. दुसरा प्रश्न प्रत्यक्ष बोलण्याचा. अमेरिकन लीगने १९२४ साली एस्पेरांतो ही आपली अधिकृत आंतरराष्ट्रीय सहायक भाषा ठरविली. ठराव मोठ्या उत्साहाने झाला आणि कागदावरच राहिला. पूर्ण व्याकरण असलेली, खास परस्परसंवादासाठी रचलेली भाषा चालकांनी घेतली नाही. जहाजांच्या कामकाजासाठी केलेली व्याकरणहीन यादी मात्र ते घेऊन बसले. कारण उघड आहे. एस्पेरांतो शिकण्यापूर्वी ती बोलणारा कोणी भेटेल याची खात्री नव्हती. क्यू-संकेत परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकास आधीच येत होते. भाषेची योग्यता आणि भाषेचा प्रसार या दोन गोष्टी निराळ्या आहेत, याचे इतके लहान आणि इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

१९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने दोन्ही प्रश्नांवर नियम केले. राष्ट्रवार उपसर्ग ठरले. त्यांतून भारतीय चालकांना १९२९ पासून ‘व्हीयू’ मिळाला. परंतु अधिक महत्त्वाचा नियम आशयासंबंधी होता. निरनिराळ्या देशांतील खासगी प्रयोगठाण्यांनी परस्परांशी बोलावयाचे ते उघड भाषेतच; आणि बोलण्याचा विषय आपले प्रयोग, अथवा ज्यांसाठी सरकारी तारेचा खर्च करणे योग्य ठरणार नाही इतक्या बिनमहत्त्वाच्या वैयक्तिक गोष्टी, एवढाच असावा. तारखात्याचे उत्पन्न आणि राज्याची गुपिते ही दोन्ही सुरक्षित राहावीत, हा यामागील हेतू. त्याचा भाषिक परिणाम मात्र कोणी कल्पिला नसेल. एका समाजाला जगभर बोलण्याची मुभा मिळाली, अट एवढीच की महत्त्वाचे काही बोलावयाचे नाही. संकेत वापरता येत होते, कारण त्यांचा अर्थ छापील व सर्वांस खुला होता. गुप्तलिपी चालत नव्हती.

मालिनोव्स्कीने १९२३ साली ज्याला निव्वळ संपर्कासाठी केलेले संभाषण म्हटले, ज्यात माहितीपेक्षा सोबतीला महत्त्व असते, ते येथे कायद्यानेच विहित झाले. हवा कशी आहे, यंत्र कोणते, तुमचा आवाज कसा येतो: याच तीन विषयांभोवती संभाषण फिरू लागले. आवाजाची प्रत सांगण्यासाठी १९३४ साली आर्थर ब्रातेन याने स्पष्टता, जोर आणि स्वर अशा तीन अंकांची मोजणी सुचविली. पहिल्या अंकाची मर्यादा ५, इतर दोहोंची ९. म्हणून ५९९ म्हणजे सर्वोत्तम. वस्तुतः ही मोजणीची पट्टी. आज स्पर्धांमध्ये जो तो दुसऱ्यास, ऐकू येवो न येवो, ५९९ च देतो, आणि लगेच नाव पुन्हा सांगण्याची विनंती करतो. ‘कसे काय?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे’ हे उत्तर जितके खरे, तितकेच हे ५९९ खरे. मापनाचे अभिवादन झाले आहे. याला ऱ्हास म्हणणारे आहेत. परंतु अभिवादन हेच ज्या संभाषणाचे मुख्य कार्य आहे तेथे मापनानेही अखेर त्याच रांगेत उभे राहावे, यात नवल वाटण्याचे कारण नाही.

बिनमहत्त्वाचे बोलण्याची ही अट हिंदुस्थानात कशी पाळली गेली आणि कशी मोडली गेली, हे पाहण्यासारखे आहे. कलकत्त्यात १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना ‘२ जेके’ हे नाव मिळाले. मुकुल बोस यांचे ‘२ एचक्यू’ त्यांच्याशी बोलणारे पहिले ठाणे. तथापि १९३० नंतरच्या दशकातही परवानेदार थोडे आणि त्यांत लष्करातील इंग्रज अधिकारी अधिक. १९३९ साली युद्ध सुरू होताच परवाने रद्द झाले आणि यंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम निघाले. म्हणजे ज्यांचे बोलणे नियमानेच क्षुल्लक होते, त्यांचे क्षुल्लक बोलणेही धोक्याचे ठरले. शासनाची भीती अगदीच निराधार नव्हती. १९४२ च्या ‘चले जाव’ ठरावानंतर थोड्याच दिवसांत मुंबईत काँग्रेस रेडिओ हे गुप्त ठाणे सुरू झाले. बावीस वर्षांच्या उषा मेहता या त्याच्या सूत्रधारांपैकी एक. प्रक्षेपक बांधून देणारे नरिमन प्रिंटर युद्धापूर्वीचे परवानेदार हौशी चालक होते. आपली लहर ४२.३४ मीटर असल्याचे हे ठाणे स्वतःच जाहीर करी. ही लांबी १९२७ साली हौशी चालकांना दिलेल्या ४० मीटरच्या पट्ट्यातच पडते. म्हणजे लहर तीच, यंत्र बांधण्याची विद्या तीच. बोलण्याचा विषय तेवढा बदलला. जागा बदलत बदलत हे ठाणे १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत चालले. प्रिंटर पोलिसांच्या हाती सापडले व त्यांच्याकडून मिळालेल्या माहितीवरून ठाण्यावर छापा पडला. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

या ठाण्याचे स्थान हौशी बिनतारीच्या इतिहासात धरावे की नाही, यावर मतभेद संभवतो. नियमाच्या भाषेत ते हौशी ठाणे नव्हतेच. ते एकतर्फी प्रक्षेपण होते, त्याला परवाना नव्हता आणि कोणाकडून उत्तराची अपेक्षाही नव्हती. परंतु परवाना, उपसर्ग आणि ७३ यांनी बांधलेल्या समाजाची सीमा नेमकी कोठे होती, हे त्याच्याइतके दुसऱ्या कशानेही दाखविले जात नाही. स्वातंत्र्यानंतर महू येथे, जेथे लष्कराच्या संदेशवाहकांचे शिक्षण होते, १५ मे १९४८ रोजी हौशी चालकांची अखिल भारतीय संस्था निघाली. १९५४ साली ती दिल्लीस गेली. अट मात्र तशीच राहिली, आणि ती मोडली जाण्याचे प्रसंग आता राजकारणाऐवजी निसर्गाने आणले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचे पथक खास परवानगीने पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. दुर्मिळ अशा ‘व्हीयू ४’ या उपसर्गाशी बोलावयास जगभरचे चालक आतुर होते, आणि दिवसभर चालला होता तो नावांचा व ५९९ चा व्यवहार. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. बेटांचे इतर दळणवळण तुटले आणि त्याच यंत्रांवरून माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. क्यूटीएचचा अर्थ त्या दिवसांत पुन्हा जहाजावरच्यासारखा झाला असेल: तुम्ही नेमके कोठे आहात?

मोर्सची सक्ती गेल्यानंतर या बोलीचे काय होईल अशी शंका पुष्कळांना होती. जिनिव्हाच्या २००३ च्या परिषदेने मोर्सची परीक्षा ऐच्छिक केली. अमेरिकेने २००७ च्या फेब्रुवारीत ती काढून टाकली. परंतु खरी कसोटी त्याच्या फार पूर्वी, प्रत्यक्ष आवाज हवेतून जाऊ लागला तेव्हाच झाली होती. संक्षेपाची गरज संपली तरी चालक तोंडाने ‘क्यूएसएल’ म्हणत राहिले. ‘पोचले’ म्हणण्यास त्याहून कमी वेळ लागतो. वेळ वाचविणे हे जर संकेतांचे कारण असते तर ते त्याच वेळी नाहीसे व्हावयास हवे होते. त्यांचे कारण निराळे झाले होते: बोलणारा आपल्यांपैकी आहे, परीक्षा देऊन आलेला आहे, हे त्यांवरून कळत होते.

संगणक आल्यावरही तेच दिसते. मॉन्ट्रियल येथील चालकांनी १९७८ साली मजकुराचे तुकडे करून तो हवेतून संगणकाकडून संगणकाकडे पाठविण्याचे प्रयोग केले. पुढे त्यासाठी जी पद्धती ठरली तीत प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावरील पत्ता म्हणजे चालकाचे संकेतनामच. आंतरजाल सर्वसामान्यांच्या कानी पडण्यापूर्वी, १९८१ साली, त्यातील ४४ या अंकाने सुरू होणारे सर्व पत्ते हौशी चालकांच्या नावे राखले गेले होते. हार्टफर्डच्या शेजारच्या चालकाने पुढे पोचविलेल्या निरोपाची ही सरळ वंशावळ आहे.

यंत्रांनी परस्पर बोलावयाचे आणि माणसाने पाहत राहावयाचे, ही अवस्था २०१७ मध्ये जो टेलर व स्टीव्ह फ्रँक यांनी सिद्ध केलेल्या ‘एफटी ८’ या पद्धतीने आली. तीत प्रत्येक फेरी पंधरा सेकंदांची आणि प्रत्येक निरोप ७७ बिटांचा. एवढ्या चिंचोळ्या वाटेतून नावे, जागेचा चार खुणांचा संकेत आणि आवाजाची प्रत, एवढेच जाऊ शकते. मोकळ्या मजकुराला अवघी तेरा अक्षरे. कानाला न कळण्याइतका क्षीण आवाजही यंत्र टिपते. इतकी काटकसर करूनही संभाषणाच्या शेवटी ७३ ची जागा राखलेली आहे, आणि यंत्र तो आकडा आपण होऊन पाठविते.

एक फेरी वाचविण्यासाठी ‘पोचले’ आणि ‘नमस्कार’ एकत्र करून ‘आरआर ७३’ असा जोडनिरोप रूढ झाला. येथे एक अडचण होती, ती समनामाची. जागा सांगण्याच्या पद्धतीत पृथ्वीचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकास दोन अक्षरे व दोन अंक दिलेले असतात, आणि ‘आरआर ७३’ हेही त्यांतील एका चौकोनाचे रीतसर नाव आहे. हा चौकोन ८३ व ८४ उत्तर अक्षांशांच्या मध्ये आर्क्टिक महासागरात पडतो. तेथून कोणी चालक बोलण्याचा संभव जवळजवळ नाही, म्हणून ते नाव निरोपासाठी मोकळे मिळाले.